घरातले जुने दुबईचे फोटो: साल कसं काढायचं, काय विचारायचं, कसे सांभाळायचे

वडोदऱ्यातल्या बऱ्याच मराठी घरांत, मग ते दांडिया बाजारातलं जुनं घर असो की मांजलपूरचा फ्लॅट, कपाटात कुठेतरी एक आखाताचा अल्बम असतो. रिफायनरीत, फर्टिलायझरमध्ये नाहीतर मकरपुऱ्याच्या एखाद्या कारखान्यात काम शिकलेले काका, मामा, आजोबा सत्तर-ऐंशीच्या दशकात दुबईला गेले आणि सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर आणि साड्यांच्या कापडाबरोबर फोटोंचं पाकीटही घेऊन आले. आता ती माणसं सत्तरी-ऐंशीत आहेत, अल्बमचं प्लास्टिक पिवळं पडलंय, आणि नातवंडं पानं उलटतात तेव्हा त्यांना फक्त बेलबॉटम दिसते.

हे फोटो फार मोलाचे आहेत हो, आणि फक्त घरच्यांसाठी नाही. शेखांचे, जहाजांचे, उद्घाटनांचे फोटो तिकडे नीट जपलेत, मुंबईहून १९६५ साली गेलेल्या रमेश शुक्लांनी २ डिसेंबर १९७१ ला, अमिराती एकत्र येऊन यूएई हा देश झाला त्या दिवशी काढलेले फोटो तर तिथे सगळ्यांना ठाऊक आहेत. पण एका खोलीत सहा जण, मधे स्टोव्ह, भिंतीवर गणपतीचं कॅलेंडर, दोरीवर वाळणारे कपडे, खाडी ओलांडायला अब्रा म्हणजे त्या छोट्या लाकडी होडीसाठी उभे असलेले लोक, भाजीबाजारात पिशवी धरून उभे आपले काका, हे असलं रोजचं जगणं मुद्दाम जाऊन कोण कशाला टिपेल. ते टिपलं आपल्याच लोकांनी, घरी पाठवायला, "बघा मी बरा आहे" एवढं सांगायला. म्हणून एका वाळवंटातल्या शहराचा खरा संसार आज आपल्या कपाटांत पडलाय, आणि तो नीट लावून ठेवायचं काम आपलंच आहे.

आणि शहर वाढलं तरी केवढ्या वेगाने! १९६८ च्या जनगणनेत दुबईत सुमारे ५९ हजार माणसं होती, १९७५ ला १ लाख ८३ हजार, १९८५ ला ३ लाख ७० हजार. इतक्या झपाट्याने वाढणाऱ्या गावाचा एक फायदा असा की फोटोच्या मागची एखादी इमारत, एखादा पूल तुम्हाला साल सांगून जातो. मांडवीसमोरचा फोटो बघून साल सांगा म्हटलं तर घाम फुटेल, मांडवी तशीच आहे. दुबईत तसं नाही.

आधी काहीच काढू नका

पहिली गोष्ट, अल्बममधून फोटो उपटायला बसू नका. आधी सगळा अल्बम जसा आहे तसा, मुखपृष्ठापासून शेवटच्या पानापर्यंत, एकेक पान मोबाइलने काढून घ्या. कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी लावलाय ही पण माहितीच आहे, काकांनी एका पिकनिकचे चार फोटो एका पानावर लावले असतील तर त्यातल्या एकाचं साल कळलं की चारही सुटतात, आणि एकदा का ते सगळे एका डब्यात ओतले की हा धागा कायमचा गेला. पानाला नंबर, पानावरच्या फोटोला नंबर, म्हणजे ७-३ म्हटलं की सातव्या पानावरचा तिसरा, आणि वहीत तीच नोंद. पाकिटात असतील तर पाकिटाचा पण फोटो घ्या, स्टुडिओचा छाप, लिहिलेला नंबर, पोस्टाचा शिक्का, सगळं.

मग अल्बम कुठल्या जातीचा आहे ते बघा. काळ्या कागदाचा आणि कोपऱ्यांना चिकटवलेले त्रिकोण असतील तर नशीब चांगलं, फोटो सहज निघतो. पण सत्तर-ऐंशीतले बहुतेक अल्बम ते चिकट पट्ट्यांच्या पुठ्ठ्याचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले. तो डिंक वर्षानुवर्षांत पिवळा होतो, फोटोला खातो, आणि ओढलं तर फोटोचा पाठचा थर सोलून येतो. त्यासाठी दातांचा फ्लॉस घ्या, बिनवासाचा, फोटोच्या कोपऱ्याखाली सरकवा आणि करवतीने कापावं तसा हळूहळू पुढेमागे करत न्या, फोटो वाकवायचा नाही, घाई करायची नाही. नाहीच सुटला तर सोडून द्या. प्लास्टिक उचलून फोटो पानासकट स्कॅन करा, फाटलेल्या फोटोपेक्षा चिकटलेला फोटो कधीही बरा.

साल काढायचं ते फोटोच्या अंगावरून

आता खरं मजेचं काम. आधी फोटो उलटा करून बघा. मागे पेनाने काही लिहिलंय का, लॅबचा शिक्का आहे का, कागदाच्या कंपनीचं नाव छापलंय का. पुढून पांढरी किनार असेल तर किनारीत बारीक अक्षरात महिना-वर्ष छापलेलं सापडू शकतं, साठ-सत्तरच्या दशकात काही लॅब तसं छापायच्या, फक्त लक्षात ठेवा की ते साल फोटो धुतल्याचं, काढल्याचं नाही. रोल कॅमेऱ्यात महिनोन्महिने पडून राहायचा, संपवल्याशिवाय कोण धुवायला देईल, त्यामुळे दिवाळीचा फोटो आणि छापील महिना एप्रिल असं होऊ शकतं. स्लाइड असतील तर त्यांच्या पुठ्ठ्याच्या चौकटीवर पण बऱ्याचदा महिना-वर्षाचा शिक्का असतो.

आकार बघा. चौकोनी आणि कृष्णधवल असेल तर १२० नंबरच्या रुंद रोलवाला कॅमेरा असायची दाट शक्यता, आणि त्यात आपल्याकडचा सगळ्यांचा लाडका म्हणजे आगफा क्लिक थ्री, जो आपल्या वडोदऱ्यातच न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा. एका रोलमध्ये बारा फोटो, म्हणून प्रत्येक फोटो विचार करून काढलेला, सगळे सरळ उभे, कोणी हलत नाही. गावातून जाताना बॅगेत हाच कॅमेरा टाकून नेलेला असेल तर पहिल्या वर्षाचे फोटो चौकोनी आणि नंतर तिकडे जपानी कॅमेरा घेतला की आडवे रंगीत फोटो सुरू होतात, अल्बममध्ये हा बदल जिथे दिसेल तिथे काकांना विचारा की नवा कॅमेरा कधी घेतला, माणसं कॅमेरा घेतल्याचं साल विसरत नाहीत. चौकोनी पण रंगीत असेल तर कोडॅकचा इन्स्टामॅटिक असू शकतो, तो १९६३ पासून आला. गोलसर कोपरे आणि कागदावर जाळीसारखा खरबरीत पोत दिसला की बहुधा सत्तरचं दशक. सगळा फोटो लालसर-गुलाबी झाला असेल तर घाबरू नका, त्या काळच्या रंगीत कागदात निळसर छटेचा रंग अंधारातसुद्धा आधी उडतो आणि मग लाल वर येतो, फोटो "बिघडलेला" नाही, त्या वयाचा आहे.

ऐंशीच्या दशकात कोपऱ्यात नारंगी आकड्यांची तारीख यायला लागते. ती बघून लोक खूश होतात पण जरा थांबा. तारखेत आधी वर्ष आहे की महिना की दिवस ते प्रत्येक कॅमेऱ्यात वेगळं, आणि सेल बदलल्यावर घड्याळ लावायचं राहून गेलेलं असतं. इथे एक सोपी तपासणी आहे. त्या काळात तिकडे सुट्टी शुक्रवारची, शनिवार-रविवार सुट्टी तर आत्ता २०२२ पासून आली. म्हणजे बागेतला, समुद्रावरचा, सगळे मित्र नीट कपडे घालून जमलेत असा फोटो असेल आणि त्यावरची तारीख मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये शुक्रवारी पडत असेल, तर ती तारीख बरोबर असण्याची शक्यता चांगलीच वाढते. मंगळवार आला तर ईद होती का ते बघा, नसेल तर त्या अख्ख्या रोलच्या तारखांवर विश्वास ठेवू नका.

निगेटिव्ह सापडल्या तर जपून ठेवा, फोटोपेक्षा जास्त जपून. पट्टीच्या कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचे नंबर असतात, त्या नंबरावरून कुठला फोटो आधी आणि कुठला नंतर हे कळतं. सकाळी खाडीवर, दुपारी मित्राच्या खोलीवर जेवण, संध्याकाळी बाजार, असा अख्खा एक शुक्रवार एका पट्टीतून उभा राहतो. शिवाय जे फोटो धुंधले म्हणून प्रिंट केलेच नाहीत ते पण पट्टीत असतात, आणि खरं सांगते, खोलीतला, स्वयंपाक करतानाचा फोटो बऱ्याचदा त्यातच सापडतो.

आणि मग मागचा देखावा

माणसांवरून नजर हटवून मागे काय आहे ते बघा. भिंगातून, किंवा स्कॅन करून मोठं करून. काही खुणा पाठच करून ठेवा. खाडीवरचा मक्तूम पूल १९६३ चा, गरहूद पूल १९७६ चा, खाडीखालून जाणारा शिंदगा बोगदा १९७५ चा. ट्रेड सेंटरचा उंच मनोरा, ३९ मजल्यांचा, १९७९ ला सुरू झाला, आणि तेव्हा तो जवळजवळ एकटाच वाळूत उभा होता, शंभर दिरहमच्या जुन्या कागदी नोटेवर पण तोच आहे. तो मनोरा अर्धवट बांधलेला दिसला तर सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध. एमिरेट्सचं विमान मागे दिसलं तर ऑक्टोबर १९८५ नंतरचा फोटो, कारण विमानसेवाच तेव्हा सुरू झाली. यूएईचा लाल-हिरवा-पांढरा-काळा झेंडा दिसला तर डिसेंबर १९७१ नंतरचा. शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब १९९९ ला उघडलं, मेट्रो २००९ ला, बुर्ज खलिफा २०१० ला.

पण एक नियम पाळा. एखादी गोष्ट दिसली तर फोटो "त्यानंतरचा" हे पक्कं. दिसली नाही म्हणून "त्याआधीचा" म्हणायचं असेल तर आधी कॅमेऱ्याचं तोंड त्या दिशेला होतं का ते सिद्ध करा. खाडीच्या दोन काठांवर शहराचे दोन जुने भाग आहेत, ईशान्येला देरा आणि नैऋत्येला बर दुबई. बर दुबईच्या बाजूला ते चौकोनी हवेचे मनोरे, त्यांना बर्जील म्हणतात, एसी यायच्या आधी वारा पकडून घरात सोडायची सोय, बस्ताकिया नावाच्या जुन्या वस्तीतल्या घरांवरचे. पाण्यापलीकडे ते मनोरे दिसताहेत म्हणजे फोटो देराच्या काठावरून काढलाय. हे असं एकदा जमिनीवर बसवलं की मग आजचा नकाशा उघडून कोपरा न् कोपरा शोधता येतो, आणि तो शोधताना रात्र कशी जाते कळत नाही.

दुकानांच्या पाट्या वाचा, अरबी-इंग्रजी दोन्ही असतात, टेलिफोन नंबर असेल तर किती आकडी आहे ते टिपा म्हणजे दोन फोटोंची आपसात तुलना करता येते. खोलीतल्या वस्तू बघा, खिडकीत एसीचा डबा आहे की फक्त पंखा, टेपरेकॉर्डर कुठला, कॅलेंडरवरचा महिना वाचता येतो का. कॅलेंडर सापडलं तर ती लॉटरीच समजा.

घरच्या मोठ्यांना कसं विचारायचं

हे सगळ्यात आधी करा खरं तर, मी इथे खाली लिहितेय पण काका, आजोबा असतील तर स्कॅनर नंतर, आधी ते. "हा फोटो कधीचा?" असं विचारू नका, उत्तर येतं "असेल पंचाहत्तर-अठ्ठ्याहत्तर". त्याऐवजी आठवणीला पकडायला काहीतरी द्या. पहिला पगार रियालमध्ये मिळाला की दिरहममध्ये? दिरहम मे १९७३ मध्ये आला, त्याआधी कतार-दुबई रियाल, आणि १९६६ पर्यंत तर तिकडे रुपयाच चालायचा, रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा छापल्या होत्या. एवढ्या एका प्रश्नाने दशकाचा गोंधळ मिटतो. मग विचारा, तेव्हा ताईचा जन्म झाला होता का? तुमच्या लग्नाआधीचा की नंतरचा? या खोलीत भात कोण लावायचं? पाणी कुठून यायचं? पत्र यायला किती दिवस? घरी कॅसेटवर बोलून पाठवायचात का? (त्या कॅसेट अजून असतील तर त्याच डब्यात ठेवा, त्या फोटोंचा आवाज आहेत.)

फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवा, डोळ्यांना त्रास होत नाही, आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून ठेवा, परवानगी घेऊन. मधे बोलू नका. आजोबा दुसऱ्याच गोष्टीत गेले तर जाऊ द्या. आजीला वेगळं बसवून विचारा, ती कधी दुबईला गेली नसली तरी. फोटो कुठल्या पत्राबरोबर आला, तेव्हा घरात काय चाललं होतं, कुणाची परीक्षा होती, हे तिलाच माहीत असतं, आणि मी बघितलंय की आजोबांपेक्षा तिची सालं जास्त बरोबर निघतात.

फोटोतल्या प्रत्येकाचं नाव डावीकडून उजवीकडे लिहून घ्या. नुसतं "रूम पार्टनर" नको. तो केरळचा होता, कराचीचा होता, रत्नागिरीचा होता, काय काम करायचा, काकांना आठवेल तेवढं सगळं. नाव गेलं की माणूस गेला, त्यांच्या घरच्यांकडे हा फोटो असेलच असं नाही.

स्कॅन

साधा फ्लॅटबेड स्कॅनर पुरतो. फोटो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके), म्हणजे साडेतीन बाय पाच इंची फोटो साधारण २१०० बाय ३००० पिक्सेलचा होतो, मागचा देखावा मोठा करून बघायला तेवढं हवंच. निगेटिव्ह आणि स्लाइड छोट्या, त्यांना २४०० च्या वर. मूळ फाइल टिफमध्ये (त्यात दर्जा कमी होत नाही) ठेवा, व्हॉट्सअॅपवर पाठवायला वेगळी जेपीजी, आणि पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर ते दाबून लहान करतं. किनार कापू नका, पाठीमागे काही लिहिलं असेल तर पाठ पण स्कॅन करा आणि त्याच नंबरने सेव्ह करा. स्कॅनर नसेल तर मोबाइल चालेल, फ्लॅश बंद, खिडकीजवळ पण थेट उन्हात नाही, फोटो सपाट आणि मोबाइल अगदी समांतर.

फाइलच्या नावात आधी साल, मग जागा, मग नंबर. साल नक्की नसेल तर "१९७५-१९७८" असं लिहा. अंदाजाला अंदाज म्हणूनच लिहायचं, आणि तो कशावरून काढला ते पण, "मागे ट्रेड सेंटर अर्धवट" एवढी एक ओळ. पुढे कोणाला जास्त माहिती मिळाली तर तो दुरुस्त करू शकेल.

हल्ली एआयने रंग भरायची, चेहरे साफ करायची फार हौस आलीये. वाढदिवसाला द्यायला करा जरूर, पण ती प्रत वेगळी ठेवा आणि नावातच तसं लिहा. ते सॉफ्टवेअर चेहरा साफ करत नाही, नवीन बनवतं, शर्टाचा रंग मनाने भरतं, पाटीवरची अक्षरं बदलून टाकतं. काकांचा खरा धूसर चेहरा मला त्या गुळगुळीत चेहऱ्यापेक्षा हजारपट हवाय.

वडोदऱ्यात सांभाळायचं म्हणजे

दुबईहून आलेले फोटो इथल्या पावसाळ्यात बुरशी धरतात. माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात नको, आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात तर अजिबात नको. २०१९ ला आणि परत ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा किती घरांत खालचे कप्पे भिजले ते आपण बघितलंय. घरातल्या मधल्या खोलीत, मधल्या उंचीवर, पुठ्ठ्याच्या स्वच्छ डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि त्या पुड्या पावसाळ्यात बदला. डांबराच्या गोळ्या नकोत. वास येणारं मऊ पीव्हीसीचं प्लास्टिक नको, पॉलिप्रोपिलिनचे पारदर्शक कप्पे किंवा आम्लविरहित कागदाची पाकिटं चालतील. निगेटिव्हला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती लगेच इतरांपासून वेगळी काढा आणि आधी तिचं स्कॅन उरका. बॉलपेनने फोटोच्या पाठीवर लिहू नका, दाबाची रेघ पुढे उमटते. जुन्या कागदी पाठीवर मऊ पेन्सिल, चकचकीत प्लास्टिक पाठीवर काहीच नाही, पाकिटावर लिहा.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसायचं नाही, आधी पूर्ण कोरडं होऊ द्या, मग मऊ ब्रशने उघड्यावर, तोंडाला मास्क लावून.

आणि भिजलेच तर? एकमेकांना चिकटलेले वाळू देऊ नका, वाळले की ते वेगळे होत नाहीत. ओले असतानाच स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलक्या हाताने सुटे करा, चिखल पाण्यानेच जाऊ द्या, चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, आणि चित्र वर करून सुती कापडावर पंख्याच्या वाऱ्यात सावलीत वाळवा. ऊन नाही, हेअर ड्रायर नाही. दोन दिवसांत सगळे होणार नसतील, आणि पुरात घर साफ करता करता कुठे होणार, तर मधे बटर पेपर घालून, झिपच्या पिशवीत भरून सरळ फ्रीजरमध्ये टाका, वीज असेल तर. महिन्याने काढून थोडे थोडे करा. फोटो वाचतात.

स्कॅनच्या प्रती तीन ठिकाणी हव्यात, एक घरातल्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक दुसऱ्या गावातल्या नातेवाईकाकडे.

दुसऱ्यांना देताना

नेटवर टाकायच्या आधी फोटोतल्या लोकांचा विचार करा. खोलीतले, बनियनवरचे, आजारपणातले फोटो त्या माणसाला किंवा त्याच्या मुलांना विचारल्याशिवाय टाकू नका, रस्त्यावरच्या अनोळखी बायकांचे चेहरे तर नकोतच. पण जे लोक ओळखीचे निघाले त्यांच्यापर्यंत फोटो जरूर पोचवा. काकांच्या जुन्या डायरीत पत्ते असतात, एखादा फोन लागतो, कुठल्यातरी मुलाचा मुलगा सापडतो. त्यांना फोटो, मागची ओळ आणि तुम्ही काढलेलं साल, तिन्ही पाठवा, आणि तुमच्या घरात पण असा अल्बम आहे का ते विचारा, त्याच शुक्रवारचा दुसऱ्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो त्यांच्याकडे असू शकतो आणि त्यात तुमचे काका असतील.